मधला दात गेला, आधी शेजाऱ्यांना विचारा

मागच्या अंकात दाढ काढल्यानंतरच्या काळजीबद्दल लिहिलं आणि शेवटी सहज एक ओळ टाकली, ‘मोकळ्या जागेचं काय करायचं ते पुढे कधीतरी.’ ते कधीतरी तुम्ही महिन्याभरातच आणलंत. पत्रं आली, ई-मेल आले, एक गृहस्थ तर एक्स-रेची पिशवी घेऊन थेट कराडच्या दवाखान्यात हजर झाले. कुणी ‘फिक्स दात’ लिहिलंय, कुणी ‘ब्रिज’. दोन्ही एकच. गेलेल्या दाताच्या अलीकडचा आणि पलीकडचा दात तासायचा, त्यांवर कॅप चढवायच्या आणि त्या दोन कॅपना जोडलेला खोटा दात मधल्या जागेवर टेकवायचा. तिन्हींचा मिळून एकच सलग तुकडा. सिमेंटने चिकटवलेला, त्यामुळे कवळीसारखा रात्री काढून वाटीत ठेवायची सोय नाही. एवढं लक्षात ठेवा आणि पुढे वाचा.

प्रश्न : मी एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर, वय ६१. खालची उजवीकडची मोठी दाढ आठ वर्षांपूर्वी काढली. तेव्हा कुणी काही बोललं नाही आणि मलाही गरज वाटली नाही. आता एक डॉक्टर म्हणतात ब्रिज करा, शेजारचे दोन दात ‘थोडे’ घासावे लागतील. दुसरे म्हणतात इम्प्लांट. मित्र म्हणतो काहीच करू नको. शेजारचे दोन्ही दात ठणठणीत आहेत. शिवाय दात एक गेलाय, तर पैसे तीन दातांचे का मागतात? — बार्शी

उत्तर : दादा, पैशांपासूनच सुरू करू. ब्रिजचा हिशेब ‘युनिट’वर होतो. दोन खांबांच्या, म्हणजे आधार देणाऱ्या शेजारच्या दातांच्या, दोन कॅप आणि मधला खोटा दात, अशी तीन युनिटं. लॅब तीन दात घडवते, तीनचेच पैसे लावते. म्हणून ‘एका दाताचे इतके’ हा दर ऐकून खूश होऊ नका, युनिट किती ते विचारा. एक दात गेला असताना कुणी चार किंवा पाच युनिटं सांगत असेल, तर कारण विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कारण असू शकतं, पण ते तुम्हाला कळेल अशा मराठीत सांगता आलं पाहिजे.

आता तो ‘थोडे’ शब्द. आम्ही दंतवैद्य तो फार सैल वापरतो. नाण्यांशी तुमचा जन्माचा संबंध, तर खिशातलं एक रुपयाचं नाणं काढा आणि त्याची कड बघा. जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास. दाढेवर कॅप बसवायची तर माथ्यावरून तेवढं, कधी दोन मिलिमीटरपर्यंत, काढावं लागतं आणि चारही बाजूंनी साधारण एक ते दीड. आमचं ते शिट्टी मारणारं यंत्र, एअरोटर, मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतं. पाण्याचा फवारा सतत चालू असतो, नाहीतर दात आतून भाजून निघेल. काम संपल्यावर जो खुंट उरतो त्याचा फोटो मी हल्ली पेशंटला दाखवत नाही. एकदा एका शिक्षिकेला दाखवला, तर त्या खुर्चीतच रडायला लागल्या. हिरडीच्या वर दिसणाऱ्या दाताचा निम्म्याहून जास्त भाग गेलेला असतो. आणि दात म्हणजे नख नव्हे, तो परत वाढत नाही.

म्हणून तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मला ‘शेजारचे दोन्ही दात ठणठणीत आहेत’ हे वाटलं. ब्रिज करावा की नाही, हे मोकळी जागा ठरवत नाही. ते तिच्या दोन्ही बाजूंचे दात ठरवतात. शेजारच्या दातांत मोठमोठ्या चांद्या भरलेल्या असत्या, एकाचं रूट कॅनॉल झालेलं असतं, म्हणजे त्यांना आज ना उद्या कॅप लागणारच असती, तर मी डोळे मिटून ब्रिज सांगितला असता. तिथे तासण्याचं दुःख नाही. पण दोन धडधाकट दात एका गेलेल्या दातासाठी सोलायचे, हे माझ्या जिवावर येतं.

शिवाय आठ वर्षं. जागा रिकामी राहिली की दात स्वस्थ बसत नाहीत. आरशासमोर जा, बोटाने गाल बाजूला ओढा. मागची दाढ मोकळ्या जागेकडे कललेली दिसते का? वरची दाढ, जिला खाली चावायला कुणी उरलं नाही, ती खाली उतरून आलीय का? दोन्ही होणं अगदी नेहमीचं आहे. ब्रिजचा तुकडा वरून सरळ खाली बसायचा असतो, त्यामुळे दोन्ही खांब एकमेकांना समांतर लागतात. कललेली दाढ समांतर करायला एका बाजूने इतकी तासावी लागते की आतली नस उघडी पडायची वेळ येते. मग रूट कॅनॉल. म्हणजे ठणठणीत दाताला आपणच आजारी पाडायचं.

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर दात. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या ब्रॉनमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या पेशंटला असे स्क्रू बसवले, तेव्हापासून हे शास्त्र चांगलं मुरलंय. शेजाऱ्यांना हात लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. हाड पुरेसं हवं, साखर ताब्यात हवी आणि बिडी-तंबाखू असेल तर ती सुटायला हवी. स्क्रू हाडात घट्ट व्हायला साधारण तीन ते सहा महिने जातात, तोवर धीर धरावा लागतो. तुमच्या तोंडात शेजारी खरंच चांगले असतील, तर या दोघांत माझा कौल इम्प्लांटला.

आणि तुमचा मित्र? त्याला मूर्ख ठरवू नका. बाकी दात शाबूत असतील, जेवण नीट होत असेल, तर एका दाढेवाचून माणसाचं अडत नाही. दात जे सरकायचे ते बहुतेक पहिल्या काही वर्षांत सरकतात. संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, ज्याला ओपीजी म्हणतात, तो आत्ता काढून ठेवा आणि दीड-दोन वर्षांनी पुन्हा. फरक नसेल तर खुशाल तसंच राहा. हा सल्ला दिला की आमच्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात, पडू देत.

प्रश्न : माझ्या मुलीला, वय २४, वरच्या पटाशीच्या दाताशेजारचा दात जन्मापासूनच नाही. आता स्थळं बघतोय. डॉक्टरांनी पुढचा पटाशीचा दात आणि सुळा कापून तीन दातांचा सिरॅमिक ब्रिज सांगितलाय. आठ दिवसांत होईल म्हणाले. करून टाकू का? — अकोला

उत्तर : ताई, नका करू. निदान हे नका करू.

तो दात मुळातच न येणं बऱ्याच जणांमध्ये दिसतं, घराण्यातही असतं. तुमच्या नणंदेच्या नाहीतर भावाच्या तोंडात डोकावून बघा, कदाचित सापडेल. मुलीचं वय २४. या वयात दाताच्या आतली नसेची पोकळी मोठी असते, त्यामुळे तासताना नस दुखावण्याचा धोका पन्नाशीच्या माणसापेक्षा जास्त. बरं, ब्रिज काही जन्माला पुरत नाही. चांगला केलेला, चांगला सांभाळलेला ब्रिज दहा वर्षांनी दहापैकी साधारण नऊ जणांच्या तोंडात टिकून असतो. पण तुमची लेक दहा वर्षांनी चौतीसची असेल. पुढच्या प्रत्येक वेळी खांब थोडा आणखी तासला जाणार. पन्नाशीत तिथे काय उरेल?

तिच्यासाठी वेगळा ब्रिज असतो, मेरिलँड ब्रिज. अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठात तो विकसित झाला म्हणून हे नाव. खोट्या दाताला मागच्या बाजूने एक पातळ पंख असतो. तो पंख शेजारच्या दाताच्या पाठीला, जिभेकडच्या बाजूला, रेझिनने चिकटवतात. दात जवळजवळ तासावाच लागत नाही. पूर्वी दोन्ही बाजूंना पंख लावायचे. नंतर लक्षात आलं की एकाच पंखाचा जास्त टिकतो. कारण गमतीचं आहे. दोन दात चावताना दोन दिशांना हलतात आणि त्या ओढाताणीत एक पंख सुटतो. सुटलेला कळत नाही, आणि त्याच्या आड दात किडत राहतो. एकच पंख असला की सुटला तर सगळा दात हातात येतो आणि लगेच कळतं. पुन्हा चिकटवून घ्यायचा.

त्या दाताने पेरू फोडायचा नाही, उसाचं कांडं सोलायचं नाही, मक्याचं कणीस दाणे सुटे करून खायचं. खालचा दात वर फार घट्ट आपटत असेल तर हा ब्रिज टिकत नाही, तेव्हा आधी चावा तपासून घ्या. जागा कमी-जास्त असेल तर तारा लावून ती नीट करणं हाही मार्ग आहे; त्याला वर्ष-दीड वर्ष लागेल.

एक विचारू? पत्र तुम्ही लिहिलंय. लेकीला फट बंद करून हवीय का, ते पत्रात कुठे दिसलं नाही.

प्रश्न : आई ७४ वर्षांची. मधुमेह, तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ९.२. खालचे पुढचे तीन दात पडले, शेजारचे थोडे हलतात. ‘शेजारच्या मालूताईंसारखे फिक्सच बसव’ असा हट्ट आहे. रक्त पातळ करायची गोळीही चालू आहे. — पुणे

उत्तर : मालूताईंच्या दातांचा धसका मी रोज घेते. प्रत्येक गल्लीत एक मालूताई असतात.

हलणाऱ्या दाताच्या मुळाभोवतीचं हाड झिजलेलं असतं. आधीच ज्याला स्वतःचा भार पेलत नाही, त्याच्यावर आणखी तीन दातांचा भार द्यायचा? आमच्याकडे १९२६ पासून एक ढोबळ नियम चालत आलाय, अँटेचा नियम : खांबांच्या मुळांची हाडात रुतलेली बेरीज ही गेलेल्या दातांच्या मुळांएवढी तरी असावी. नियम म्हणून तो आज कुणी शब्दशः पाळत नाही, पण हलणाऱ्या दातावर पूल बांधू नये एवढं शहाणपण त्यात आहे. सहा महिन्यांत ब्रिज दोन्ही खांबांसकट हातात आलेला मी पाहिलाय.

आधी साखर. ९.२ वर हिरड्या बऱ्या होत नाहीत, आणि हिरड्यांची सूज असेल तर साखरही हट्टी होते. दोघी एकमेकींना धरून असतात. हिरड्यांची खोलवर सफाई करून घ्या, मग तीन महिन्यांनी बघा शेजारचे किती हलतात. तोवर आणि कदाचित पुढेही, काढता-घालता येणारी अर्धी कवळी. आईंना सांगा की चांगली बसलेली कवळी शेजारणीला ओळखू येत नाही, आपण सांगितलं तरच. दात काढायचा ठरला तर रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका, कुणी सांगितलं तरीही हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. हाडं ठिसूळ म्हणून वर्षाला एखादं इंजेक्शन किंवा आठवड्याला गोळी चालू असेल तर तेही दंतवैद्याला आवर्जून सांगा. त्यातल्या काही औषधांमुळे दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून येत नाही. पेशंट हे सांगत नाहीत, कारण त्यांना वाटतं गुडघ्याच्या औषधाचा दाताशी काय संबंध.

आणि हट्टापोटी आई कुणा फिरत्या दातवाल्याकडे जाणार नाहीत हे बघा. आठवडी बाजारात, जत्रेत पेटी मांडून बसलेले असतात. पंधरा मिनिटांत ‘फिक्स’. ना तासणं, ना सुई. पावडर आणि पाणी कालवून गुलाबी लगदा करतात, त्यात तयार दात खोचतात आणि तो गोळा शेजारच्या दातांभोवती तसाच लिंपतात, कधी तारेने आवळतात. पहिला महिना झकास जातो. उंब्रजच्या बाजूच्या एक आजी अशाच आल्या होत्या. मी मास्क लावून चार फुटांवर होते तरी वास आला. लगदा कापून काढला तर खाली हिरडी नव्हतीच, लाल मांस होतं, आणि त्यात एक अख्खं तिळाचं टरफल. संक्रांत होऊन चार महिने झाले होते. सोबत आधाराचे दोन चांगले दातही गेले. आजी मला म्हणाल्या, ‘पण त्यानं लई गोडीनं बोलून बसवलं वो.’ त्या दिवसापासून मी पेशंटशी जरा बरं बोलते.

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातला प्राथमिक शिक्षक, ३१. मोटारसायकलवरून पडून वरचा पुढचा दात गेला. ब्रिज केला. काम मजबूत आहे, पण माझे सगळे दात पिवळट-तपकिरी डागांचे आणि नवे तीन दात पांढरेशुभ्र. मुलं वर्गात हसतात. — केळापूर तालुका

उत्तर : गुरुजी, तुमचे डाग बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडचे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड भागात हे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलं आणि दात हाडात घडत असताना, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, ते पोटात गेलं की डाग कायमचे. घासून जात नाहीत. वर्गातल्या मुलांचेही दात बघा, हसणाऱ्यांतल्या निम्म्यांना हेच असेल.

चूक घाईची झाली. रंग निवडायला आमच्याकडे छोट्या दातांची एक पट्टी असते, सोळा छटांची. तुमच्यासारख्या दातांची छटा त्या सोळांत नसतेच. चांगला टेक्निशियन सिरॅमिकवर डाग रंगवू शकतो, खडूसारखे पांढरे ठिपके आणि तपकिरी पट्टेसुद्धा, पण त्याला शेजारच्या दातांचा जवळून काढलेला फोटो पाठवावा लागतो. आमचं काम कोल्हापूरच्या लॅबला जातं. अशा केसमध्ये मी टेक्निशियनला एकदा पेशंट बघायलाच बोलावते, किंवा पेशंटला तिकडे धाडते. रंग कामाच्या सुरुवातीला, तासायच्या आधी बघायचा. तोंड अर्धा तास उघडं राहिलं की दात सुकून पांढरे दिसायला लागतात आणि आपण फिकट छटा निवडून बसतो. ट्यूबलाइट बंद, खिडकीपाशी, लिपस्टिक पुसून (तुमच्या बाबतीत हा प्रश्न नाही).

बसवलेल्या ब्रिजचा रंग गडद करता येत नाही, तो कापून नवाच करावा लागेल. खांब तेच वापरता येतील. या वेळी सिमेंट लावण्याआधी ब्रिज नुसता बसवून, दाराबाहेर उन्हात नेऊन, आरशात बघितल्याशिवाय ‘हो’ म्हणू नका. एकट्याने नका बघू, बायकोला सोबत न्या.

प्रश्न : पाच वर्षांपूर्वीचा ब्रिज, दोन्ही खांबांचं रूट कॅनॉल. दुखत काहीच नाही, पण सकाळी तोंडाला कुबट वास येतो. पेस्ट तीनदा बदलली. — नाशिक

उत्तर : पेस्ट बदलून काही होणार नाही. रूट कॅनॉल झालेल्या दाताला नस नसते, तो किडला तरी ओरडणार नाही. ब्रिजचं एका टोकाचं सिमेंट विरघळलं आणि दुसऱ्या टोकाने धरून ठेवलं, असं फार होतं. घरी एक करून बघा : खोट्या दातापाशी बोट ठेवून ब्रिज वर-खाली दाबा. कडेला लाळेचे बारीक बुडबुडे आले, किंवा खारट-आंबट चव आली, तर एक टोक सुटलंय. या आठवड्यात दाखवा. लवकर गेलात तर ब्रिज अलगद काढून खांब दुरुस्त करून तोच पुन्हा बसवता येण्याची शक्यता असते.

दुसरी शक्यता साधी : खालून साफ होत नाहीये. ब्रिजखालून ब्रश जातच नाही. साधा फ्लॉस वरून आत शिरत नाही, कारण तिन्ही दात जोडलेले. त्यासाठी फ्लॉस थ्रेडर मिळतो, प्लॅस्टिकच्या सुईसारखा. नेढ्यात दोरा ओवा, सुईचं टोक गालाच्या बाजूने खोट्या दाताखाली घाला, जिभेकडून ओढून घ्या. दोरा आत आला की पाठ पुसताना टॉवेल ओढतो तसा मागे-पुढे ओढायचा, खोट्या दाताच्या पोटाला लागेल असा, मग एका खांबाच्या अंगाला, मग दुसऱ्या. पहिल्यांदा दहा मिनिटं लागतात आणि दोरा नाकाला लागतो की काय असं वाटतं. आठवड्याने एक मिनिट. थ्रेडर गावात मिळाला नाही तर बारीक नायलॉनच्या धाग्याचा फासा करून त्यात फ्लॉस अडकवा, तेच काम होतं. पहिल्या दिवशी दोऱ्याचा वास घेऊन बघा. मी पेशंटला मुद्दाम घ्यायला लावते, मग पुन्हा सांगावं लागत नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. डिसेंबरात तीन आठवडे पुण्याला येतोय. दाढ नोव्हेंबरात इथेच काढायची आणि ब्रिज पुण्यात करायचा, असा विचार आहे. जमेल? — न्यू जर्सी, अमेरिका

उत्तर : नोव्हेंबरात काढून डिसेंबरात नको. दाढ काढल्यावर हिरडी आणि हाड दोन-तीन महिने बसत असतात. घाई केली तर ब्रिज नवा असताना खोटा दात हिरडीला टेकलेला असतो आणि पाडव्यापर्यंत खाली फट पडते, भाताचं शीत नेमकं तिथेच जातं. दाढ काढायचीच आहे तर ऑगस्ट-सप्टेंबरात काढा. मग तीन आठवडे पुरतात : उतरल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खांब तासून माप, मधे आठवडाभर ॲक्रिलिकचा तात्पुरता ब्रिज (त्याच्या सिमेंटमध्ये लवंगेचं तेल असतं, तोंडात सतत मसालेभाताची आठवण), मग ट्रायल, मग पक्का. पक्का बसवल्यावर निदान आठ दिवस विमान पकडू नका. उंच राहिलेला एखादा कोपरा जेवतानाच कळतो, आणि तो दोन मिनिटांत घासून देता येतो. न्यू जर्सीत त्या दोन मिनिटांची अपॉइंटमेंट मिळवणं तुम्हालाच माहीत. कोणता धातू, कोणतं सिरॅमिक, कोणतं सिमेंट, हे कागदावर लिहून घ्या.

प्रश्न : मागच्या तीन दाढा गेल्या. गुटखा सोडून तीन वर्षं झाली, आता फक्त सुपारी. तोंड दोन बोटांएवढंच उघडतं. डॉक्टर माप घ्यायला तयार नाहीत. — लातूर

उत्तर : त्यांचं बरोबर आहे. मापाचा ट्रेच आत जाणार नाही, एअरोटर तर दूरच. पण त्यापेक्षा मोठी गोष्ट ‘फक्त’ या शब्दात आहे. गालाची आतली कातडी चामड्यासारखी कडक होऊन तोंड बंद होत जातं, ते मुख्यतः सुपारीने. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि बरेच जण तुमच्यासारखे सुपारीवर आले, सुटलो असं समजून. साध्या माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी मावतात. तुमची दोन. या दुखण्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो, म्हणून दातांचं सध्या बाजूला ठेवा. सरकारी दंत महाविद्यालयात किंवा मोठ्या रुग्णालयात तोंड तपासून घ्या, पांढरा-लाल चट्टा किंवा पंधरा दिवसांत न भरणारी जखम असेल तर उद्याच. सुपारी आज बंद. तोंड उघडायचे व्यायाम शिकवतात, औषधंही असतात. तिखट खाल्ल्यावर तोंडाची आग व्हायची कमी झाली की मला कळवा, मग दातांचं बोलू.

थोडक्यात

*लाडू खाताना ब्रिज निघाला, नवऱ्याने पाच रुपयांच्या ट्यूबने चिकटवून दिला. चालेल? (सांगली)* — नाही. तो गोंद तोंडासाठी नाही, शिवाय ब्रिज तिरका चिकटला तर कापूनच काढावा लागतो. निघालेला ब्रिज धुऊन डबीत ठेवा, रुमालात नको. रुमालातला ब्रिज धुण्यात जातो. नवऱ्याचे आभार माना आणि त्यांना दवाखान्यात सोबत न्या.

*धातूचा ब्रिज आहे, एमआरआय करता येईल का? (ठाणे)* — सहसा येतो. तपासणीआधी तंत्रज्ञाला सांगा. जबड्याजवळचं चित्र थोडं धूसर येऊ शकतं. काढता येणारी कवळी मात्र काढून ठेवायची.

*खोटे दागिने अंगाला खाजतात. ब्रिजचं काय? (मालवण)* — दागिन्यांतलं निकेल सोसत नसणार. स्वस्त धातूंच्या ब्रिजमध्येही निकेल असू शकतं. आधीच सांगा, झिर्कोनियाचा, म्हणजे निकेल नसलेल्या पांढऱ्या सिरॅमिकचा, करून घ्या.

*एकाच खांबावर ब्रिज होतो का? (जळगाव)* — पुढच्या छोट्या दातासाठी कधीकधी. दाढेसाठी लटकता दात मी करत नाही. एका हाताने पाण्याची बादली किती वेळ धराल?

प्रश्न : डॉक्टरबाई, सगळ्यांना सांगता. तुमचे स्वतःचे दात कसे आहेत? — वेंगुर्ला

उत्तर : हा प्रश्न कुणीतरी विचारणार याची भीती होतीच.

खालची डावीकडची पहिली दाढ मी कॉलेजात असतानाच गमावली. १९९४ मध्ये इंटर्न होते, फुकटात हात साफ करायला मैत्रीण तयार होती, मी ब्रिजसाठी खुर्चीत बसले. शेजारचे दोन्ही दात चांगले होते. आज मी बार्शीच्या दादांना जे सांगितलं ते मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं. मैत्रिणीने काम उत्तम केलं, यात शंका नाही. खराब मी केलं. दिवसभर लोकांना दोरा ओवायला शिकवायचा आणि रात्री साडेदहाला घरी येऊन नुसता ब्रश फिरवून झोपायचं, असं एकोणीस वर्षं. मधे कधीतरी मागच्या खांबाला गार पाणी लागायला लागलं. मग वर्षभराने लागायचं थांबलं आणि मला बरं वाटलं. दंतवैद्याला! नस मेली म्हणून लागायचं थांबलंय, हे मी पेशंटला रोज सांगते.

२०१३ साली गणपतीत, मोदक खाताना, ब्रिज हलला. काढला तर मागची दाढ आतून ओल्या खडूसारखी झाली होती, चमच्याने निघत होती. ती काढावी लागली. पुढच्या खांबावर सुटी कॅप बसवली. म्हणजे एक दात नव्हता तिथे दोन नाहीत. इम्प्लांट मला माझ्याच दोन विद्यार्थ्यांनी सुचवलंय, एक्स-रेही काढून झालाय, हाड पुरेसं आहे म्हणतात. दरवर्षी दिवाळीनंतर करू म्हणते.

शेंगदाणे सध्या उजवीकडून खाते.